सोलापुरातल्या छोट्या धंद्यासाठी क्लाउड: आज काय करावे, उद्यासाठी काय सांभाळावे

सोलापुरातल्या बहुतेक धंद्यांचा क्लाउड कधीच सुरू झालेला आहे, मालकाला ते कुणी सांगितलेले नाही इतकेच. जीएसटीचे विवरणपत्र पोर्टलवर जाते, ई-वे बिल तिथूनच निघते, टॉवेलच्या डिझाइनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मुंबई-सुरतला जातात आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप मालकाच्या पोराच्या नाहीतर मेव्हण्याच्या जीमेलवर पडत असतो. त्यामुळे क्लाउडवर जायचे की नाही, यावर डोके खाजवण्यात अर्थ नाही. आपण कुणाच्या नावाने तिथे बसलोय आणि उद्या उठून जायचे म्हटले तर हाती काय लागेल, एवढे बघायचे. पुढच्या काही वर्षांत एआय येणार, डेटाचा कायदा पुरता लागू होणार, निर्यातीच्या मालाला क्यूआर चिकटणार. यातल्या प्रत्येक वेळी हेच दोन प्रश्न पुन्हा समोर येतील.

हे लिहितोय ते चाटी गल्लीतला कापडवाला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला यंत्रमाग कारखानदार, गणवेश शिवणारा, मार्केट यार्डातला अडत्या अशांसाठी. म्हणजे ज्यांचा आयटी विभाग म्हणजे हिशेब लिहिणारा एक माणूस आणि फोन केल्यावर संध्याकाळपर्यंत येणारा कॉम्प्युटरवाला.

आधी एवढे समजून घ्या

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक. आपण ते नेटवरून वापरतो आणि महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो. अ‍ॅमेझॉनने ही सेवा २००६ साली विकायला काढली, त्यामुळे नवलाईचे दिवस केव्हाच सरले. आपल्या कामात त्याचे तीन प्रकार येतात. एक, तयार सॉफ्टवेअर: ब्राउझर उघडला, लॉगिन केले, बिल काढले. दोन, भाड्याचा संगणक. 'टॅली ऑन क्लाउड' म्हणून जे विकतात ते बहुतेक हेच असते. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) तीच, फक्त टेबलाखालच्या डब्याऐवजी लांबच्या सर्व्हरवर चालते आणि तुम्ही घरून, पुण्याहून, कुठूनही ती उघडू शकता. तीन, नुसती साठवण: फाइली ठेवायला जागा.

हे संगणक असतात कुठे? मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रे उघडली. अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आले, २०२२ मध्ये हैदराबादेत. गुगलचे मुंबईचे केंद्र २०१७ चे, दिल्लीचे २०२१ चे. पुणे-हैदराबाद रस्त्यावर सोलापूर मधोमध आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना काही तासांच्या अंतरावर डेटा ठेवायची सोय आहे. मात्र ही जागा तुम्हाला निवडावी लागते. खाते उघडताना लक्ष दिले नाही तर अमेरिकेतले केंद्र निवडलेले राहू शकते. 'रीजन' नावाचा जो रकाना असतो त्यात मुंबई, पुणे किंवा हैदराबाद बघून घ्या. काम करणाऱ्या माणसाकडून हे लिहूनच घ्या.

पायरी १: वही काढा आणि यादी करा

दुकान बंद झाल्यावर एखादी संध्याकाळ यासाठी द्या. चार रकाने पुरतात: कोणती माहिती, कुठे आहे, पासवर्ड कुणाकडे, आणि ती एक दिवस मिळाली नाही तर काय अडेल. पहिल्या तीन रकान्यांतच बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. टॅलीचा डेटा एका मशीनवर. जॅकार्डची डिझाइने डिझाइनरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स हिशेबनिसाच्या फोनच्या गॅलरीत. गिऱ्हाइकांचे नंबर मालकाच्या फोनमध्ये, आणि तो फोन हरवला तर सगळेच हरवले.

चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. टॅली दिवसभर बंद राहिली तर बहुतेक कारखाने चालतात. डाइंगच्या रंगाच्या रेसिपीची फाइल गेली तर मात्र तीच छटा पुन्हा जमवायला किती खटपट लागते, ते डाइंग मास्टरला विचारा. जी माहिती गेल्यावर धंदा अडतो, ती आधी हलवायची. बाकीचे सावकाश.

पायरी २: खाते कुणाच्या नावावर?

अख्ख्या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

कॉम्प्युटरवाला चांगला माणूस असतो, तुमची अडचण ओळखतो आणि म्हणतो, "मालक, तुम्ही काळजीच करू नका. माझ्याच खात्यावर टाकून देतो. ते ओटीपीबिटीपीची झंझट तुम्हाला कशाला?" यात त्याचा हेतू वाईट असतो असे नाही. पण गाळा तुम्ही वापरताय, भाडे तुम्ही भरताय आणि करारनामा दलालाच्या नावावर आहे, असा हा व्यवहार होतो. उद्या त्याने धंदा बदलला, पुण्याला नोकरीला गेला, किंवा पैशांवरून दोघांचे वाजले, तर तुमच्या सात वर्षांच्या हिशेबाला कुलूप.

म्हणून क्रम असा. आधी फर्मच्या नावाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्या. वर्षाला फार मोठा खर्च नसतो. त्यावर एक ईमेल काढा, तो कुठल्या नोकराच्या नावाचा नको, फर्मचा हवा. ओटीपीसाठी फर्मच्या नावावरचे वेगळे सिमकार्ड ठेवा आणि त्याला वेळेवर रिचार्ज मारा, नाहीतर नंबर दुसऱ्या कुणाला जायचा. मग या ईमेलवर आणि नंबरवर क्लाउडचे मुख्य खाते उघडा. कॉम्प्युटरवाल्याला त्याच्या कामापुरता वेगळा लॉगिन द्या, जो तुम्ही कधीही बंद करू शकता. बिल फर्मच्या जीएसटी नंबरावर घ्या; या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नंबर नसेल तर त्याचे क्रेडिट बुडते.

दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खूण, चालू करायलाच हवी. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर ती सगळ्यांनाच सक्तीची झाली आहे, तेव्हा हाताला सवय झालेली आहे. पुढचा टप्पा पासकीचा: पासवर्ड टाइप करायचाच नाही, फोनवर बोट टेकवायचे. काउंटरखाली चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या त्यामुळे जातील, ही माझ्या मते येणाऱ्या बदलांतली सर्वांत उपयोगी गोष्ट.

पायरी ३: नेट आणि वीज

एकाच कंपनीच्या एका तारेवर धंदा टाकू नका. एक फायबर घ्या आणि दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेला राउटर जोडीला ठेवा. राउटरला छोटा यूपीएस लावा. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू आणि राउटर बंद, असे दृश्य कितीतरी दुकानांत बघायला मिळते.

नेट घेताना सगळे डाउनलोडचा वेग विचारतात. बॅकअपला लागतो तो अपलोडचा. हिशेब करून बघा: ५० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडवर चढवायला साडेपाच तास लागतात, तेही लाइन अखंड राहिली तर. पहिल्यांदा हे रविवारच्या रात्री लावून द्यायचे. नंतर रोज फक्त बदललेला भाग जातो, त्याला थोडाच वेळ लागतो.

'सर्व्हर घरचाच बरा' म्हणणाऱ्यांनी एप्रिल-मे महिन्यात एकदा आपल्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर जाऊन यावे. पारा बेचाळीसच्या वर, पंख्यात कापसाची तूस अडकलेली, आणि त्याच मशीनवर सगळी उधारी-वसुली.

पायरी ४: सुरुवात बॅकअपपासून

सगळे एकदम हलवू नका. आधी नुसता बॅकअप क्लाउडवर न्या; रोजच्या कामाला धक्का लागत नाही आणि हात बसतो. जुना नियम अजून खरा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत जागेबाहेर.

इथे एक गफलत फार लोकांची होते. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फोल्डर जोडले म्हणजे बॅकअप झाला, असे वाटते. ते जोडकाम असते. इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडते. खंडणीचा व्हायरस आला तर तो संगणकावरच्या फाइली कुलूपबंद करतो आणि कुलूपबंद फाइलीच वर चढतात. कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्कही त्यातच सापडते. खऱ्या बॅकअपमध्ये दोन गोष्टी लागतात: कालची, परवाची, गेल्या महिन्याची प्रत वेगवेगळी राहते; आणि ठरावीक दिवस ती कुणालाच, अगदी तुम्हालाही, पुसता येत नाही. विकणाऱ्याला हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर दुसऱ्याकडे जा.

मग परीक्षा. दुसऱ्या एखाद्या संगणकावर कालचा बॅकअप उतरवून टॅली उघडा आणि एका पार्टीचे खाते कागदाशी ताडून बघा. जुळले तर बॅकअप आहे, नाही तर नुसते भाडे चालू आहे. हे दर तिमाहीला करा, जीएसटीच्या तारखा आटोपल्या की लगेच.

किती वर्षांचे ठेवायचे? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने राखाव्या लागतात. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी दोन गोष्टी: २०२२ च्या दुरुस्तीनुसार हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, आणि १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहायला हवी. मालकी किंवा भागीदारीच्या फर्मला हे कंपनी नियम लागत नाहीत, तरी सीएंना एकदा विचारून ठेवा.

पायरी ५: सॉफ्टवेअर घेताना

जाहिरातीत '९९.५ टक्के चालू' असे लिहिलेले असते आणि ते भारी वाटते. वर्षाचा हिशेब केला तर ते जवळजवळ ४४ तास बंद राहू शकते, असा त्याचा अर्थ. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. हे तास दिवाळीच्या आधीच्या शनिवारी पडणार नाहीत, अशी हमी कुणीच देत नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या अ‍ॅमेझॉनच्या केंद्रात बिघाड झाला आणि जगभरची अ‍ॅप अडकली. ज्यांनी आपली सेवा त्या केंद्रावर टेकवलेली, त्यांचे गिऱ्हाईक कुठल्या का देशात असेना, त्याला झळ बसली. म्हणून काउंटरवर छापील बिलबुकाचा एक गठ्ठा असू द्या. लाजायचे काही कारण नाही.

दुसरे, बाहेर पडायची वाट. पैसे भरण्याआधीच, चाचणीच्या मुदतीत, सगळा डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये उतरवून दाखवायला सांगा. नुसत्या पार्ट्यांची यादी नको. बिलनिहाय, तारीखनिहाय, स्टॉकसकट. काही सेवांत यादी निघते आणि व्यवहार आत राहतात. मोठ्या कंपन्यांपुरते बोलायचे तर वारे थोडे बदलले आहे. सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडून डेटा बाहेर नेण्याचे पैसे घेणार नाही, असे गुगलने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टनेही केले. मागे युरोपच्या कायद्याचा रेटा होता. आपल्या गल्लीतल्या सॉफ्टवेअरवाल्यापर्यंत ते वारे पोचायला वेळ लागेल, तोवर लेखी करारात एक ओळ घालून घ्या.

आता पुढे काय येतेय, आणि त्यात आपले काय

एआय विकत घ्यायला तुम्हाला कुठे जावे लागणार नाही. ते बिलात मिसळून येईल. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने आपल्या कार्यालयीन ईमेल-दस्तऐवजांच्या पॅकेजमध्ये एआय घातले आणि दर वाढवले; हाच रस्ता बाकीचेही धरतील. खरेदीच्या बिलाचा फोटो काढला की नोंद तयार, किंवा 'मागच्या सीझनला कोणत्या साइझचा माल पडून राहिला' असे मराठीत विचारले की उत्तर, इतपत काम ते आजही करते. तपासायला माणूस ठेवावा लागतो, कारण आकडा चुकला तरी ते तेवढ्याच ठामपणे सांगते. माझी हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. फुकटच्या एआय साधनांवर लोक आपली नवी डिझाइने चढवतात. चादरीचे नवे डिझाइन बाजारात यायच्या आधी तेच तर आपले भांडवल. ती फाइल एआयला शिकवण्यासाठी वापरली जाणार नाही, असे अटींत स्पष्ट लिहिलेली पैसे भरून घेतलेली सेवा असेल तरच चढवा.

कायद्याकडे आता काणाडोळा करता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तेवढा दंड आपल्यासारख्याला होईल असे नव्हे, पण नियम लहानालाही आहे. डेटा क्लाउडवाल्याकडे असला तरी उत्तर तुम्हालाच द्यावे लागते, हे त्यातले महत्त्वाचे कलम. गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला येणाऱ्या बायकांची आधार, बँक पासबुके, फोन नंबर: ही माहिती कुणाच्या फोनमध्ये पडून आहे, ते पायरी १ च्या वहीत बघा. फोनमधून काढा, एका कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा, काम सोडून गेलेल्यांची गरजेपुरती राखून बाकीची पुसा. आणि कधी सायबर हल्ला झालाच, तर सर्ट-इन या सरकारी संस्थेला सहा तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे. तो पत्ता आधीच लिहून ठेवा.

युरोपात माल जातो त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकून ठेवावी. तिथे जुलै २०२४ मध्ये उत्पादनांसाठीचा नवा टिकाऊपणाचा कायदा अमलात आला. त्यात वस्तूला 'डिजिटल पासपोर्ट' द्यायची तरतूद आहे: क्यूआर स्कॅन केला की धागा कोणता, कुठे बनले, हे दिसायला हवे. वस्त्रोद्योग अग्रक्रमात आहे, सुरुवातीचा भर अंगावरच्या कपड्यांवर. ही माहिती शेवटच्या महिन्यात गोळा होत नसते. सुताचा लॉट, डाइंगचा बॅच, प्रोसेस हाउसचे चलन हे आजपासून एकाच लॉट नंबरावर लिहीत गेलात, अगदी एक्सेलमध्ये का होईना, तर पुढे कुठल्याही क्लाउड सेवेत ते चढवता येईल. आज ते तीन वह्यांत असते आणि तिन्हींत नंबर वेगळे.

एज कंप्युटिंग हा शब्द ऐकून दचकू नका. काम जागेवरच्या छोट्या यंत्राने करायचे आणि निष्कर्ष तेवढा क्लाउडला पाठवायचा. मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या लागलेल्या असताना काट्यावरची पावती नेटची वाट बघत थांबू शकत नाही. ती तिथेच निघाली पाहिजे आणि नेट आल्यावर वर गेली पाहिजे. मागावर पिक, म्हणजे आडवे धागे, मोजणारा सेन्सर लावला तर तेच. म्हणून असे काही घेताना एकच विचारा: नेट तोडल्यावर हे चालते का? आणि विक्रेत्यासमोर तार काढून बघा.

वापरले तेवढे पैसे, या पद्धतीचा फायदा पंढरपूरच्या लॉजवाल्याला जास्त. आषाढी-कार्तिकीला त्याच्या बुकिंगच्या साइटवर झुंबड, एरवी शुकशुकाट. वर्षभर मोठा सर्व्हर पोसण्यात अर्थ नाही. पण याच पद्धतीत बिल फुगायची भीती असते. पुष्कळ सेवांचे दर डॉलरवर ठरतात आणि विसरलेला चालू संगणक तासातासाला पैसे खातो. पहिल्याच दिवशी बजेटची सूचना लावा, ठरवलेल्या रकमेच्या निम्म्यावर एक आणि ऐंशी टक्क्यांवर एक, आणि ती मालकाच्या फोनवर येऊ द्या. सूचना आली म्हणून सेवा आपोआप बंद होत नाही, बंद कुणीतरी करावी लागते.

दोन-तीन क्लाउड कंपन्या एकाच वेळी वापरा, असा सल्ला मोठ्यांना ठीक. दहा-वीस माणसांच्या फर्मला एक मुख्य आणि बॅकअपची एक प्रत दुसरीकडे, एवढे पुरे. क्वांटमचे नाव घेऊन कुणी काही विकायला आला तर चहा पाजून वाटेला लावा.

पायरी ६: कधी हलवायचे

गणवेशवाल्यांनी मार्च ते जून या कामाला हात लावू नये. शाळा उघडायच्या तोंडावर बिलिंग अडले तर सीझन गेला. त्यांना ऑगस्ट-सप्टेंबर बरा. टॉवेल-चादरवाल्यांनी दिवाळीची पाठवणी उरकल्यावर. अडत्यांनी कांद्याची आवक ओसरल्यावर. आर्थिक वर्षाच्या मध्येच बदलताय तर महिनाभर जुन्या आणि नव्या दोन्हीकडे नोंदी करा आणि महिनाअखेरीस स्टॉक, बँक, येणे-देणे हे आकडे समोरासमोर ठेवून जुळवा. हिशेबनीस कुरकुर करेल. त्या महिन्यापुरते त्याला काहीतरी जास्त द्या.

जुना संगणक लगेच भंगारात काढू नका. त्यावर विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार बंद झाला आहे, म्हणून नेटची तार काढून तो बाजूला ठेवा आणि ऑडिट होईपर्यंत जुने हिशेब बघायला वापरा. ऑडिट झाले, क्लाउडवरून जुन्या वर्षाचे खाते उतरवून एकदा पाहिले, की मग विका. विकताना हार्ड डिस्क आपल्याकडे काढून घ्या.